मक्याचं कापड खाडीत विरघळत नाही

"बांबूचं, मक्याचं कापड घ्या. समुद्रात गेलं तरी तीन महिन्यांत विरघळतं, अंगणात पुरलं तर खत होतं. झीरो वेस्ट बेतलेलं, एक चिंधीही वाया नाही." हा फॉरवर्ड फिरत फिरत मालवणात शिवणकाम करणाऱ्या मावशीकडे पोचला आणि ती गिऱ्हाइकांना तेच सांगू लागली. म्हणून हे लिहायला बसावं लागलं.

आधी समुद्राचं, कारण आपल्याकडे खाडीत काहीही टाकायला निमित्त पुरतं. मक्याचं कापड म्हणजे मक्याच्या साखरेपासून केलेलं पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड). कच्चा माल शेतातला, पण माल प्लास्टिकच. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वेगवेगळी कापडं समुद्रात बुडवून ठेवली. निकाल 2023 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आला. 428 दिवसांनंतरही पीएलए जसंच्या तसं. पॉलिएस्टर मिसळलेल्या लायोसेलमधलं (लायोसेल म्हणजे लाकडाच्या लगद्याचा धागा) पॉलिएस्टरही टिकून राहिलं. निव्वळ लाकडाच्या लगद्याचे व्हिस्कोस, लायोसेल मात्र महिनाभरात कुजले. बांबूचं मऊ कापड बहुधा व्हिस्कोसच असतं, तेव्हा तेवढं अर्धं खरं, मान्य. पण तो लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून धागा काढतात. 'नैसर्गिक' कुठलं?

खताचं तर हसूच येतं. पीएलए कुजायला 60 अंशांच्या आसपास उष्णता बरेच दिवस टिकावी लागते. गांडूळखताच्या खड्ड्यात तेवढी झाली तर आधी गांडुळं मरतील.

चिंधी न उरणारं बेतणं जमतं, पण फुकट नाही. कुर्त्यासाठी 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं), धुऊन आटवलेलं 80 इंच कापड घ्या. अर्ध्या पन्ह्यात, 22 इंची सलग पट्टीत पुढचा-मागचा भाग. उरलेल्या अर्ध्यात 18 इंच लांब दोन बाह्या, मग 11 बाय 29 चे दोन तुकडे तिरके कापून चार कळ्या, म्हणजे घेरासाठीचे निमुळते तुकडे (वर 2 इंच, खाली 9), शेवटच्या 15 इंचांत चौबगले (काखेतले चौकोनी तुकडे), गळपट्टी, खिसा. कळीची उरेब (तिरकी कापलेली) कड सरळ पट्टीलाच जोडायची. दोन उरेब कडा एकत्र आल्या की घेर लोंबतो. एकतर्फी नक्षी असेल तर दोन कळ्या उलट्या येतात. माप दोन नंबर वाढलं की अख्खी मांडणी नव्याने. आणि कापड आधी न आटवता बेतलं, तर चूक सावरायला इंचभरही शिल्लक नसतं.

फॉरवर्डमध्ये दोऱ्याचं नावच नाही. सुती कुर्ता पॉलिएस्टर दोऱ्याने शिवला, कॉलरला चिकटकॅनव्हास लावला, तर कापड कुजून शिवणींचा सांगाडा मागे राहतो. सुती दोरा घ्या, मशिनचा ताण थोडा सैल करा, नाहीतर तुटत राहील. कॅनव्हासऐवजी त्याच कापडाचा दुसरा थर, इलॅस्टिकऐवजी नाडी, बटणं करवंटीची.

कुणी 'नैसर्गिक' म्हणून नमुना दाखवला तर कडेचे चार धागे चिमट्यात धरून काडी लावा. सुती किंवा व्हिस्कोस कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पीएलए आणि पॉलिएस्टर वितळतात, गार झाल्यावर कडक गोळी हाताला लागते.