‘घरात कोयना असताना कोलाडला कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचताना जरा डोकं तापलं होतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राफ्टिंगच्या ट्रिपचं प्लॅनिंग कसं करायचं यावर मी जे लिहिलं होतं त्यावर दादांचं म्हणणं असं की घरात कृष्णा-कोयना असताना रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला नि ऋषिकेशला पैसे घालवायला सांगणं म्हणजे पुण्या-मुंबईवाल्यांची नक्कल, कोलाडचं पाणी धरणातून सोडलेलं म्हणजे ते राफ्टिंगच नकली, कृष्णाकाठच्या पोराला लाइफ जॅकेट शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, आणि हे स्वतः पाच-सहा पोरं मिळून ऑनलाइन मागवलेली रबरी बोट घेऊन ऑगस्टमध्ये कोयना धरणाखालच्या हेळवाकपासून पाटणपर्यंत जाणार आहेत. शेवटी ‘भित्र्यांनी खुशाल कोलाडला जावं’ असंही आहे. त्या शेवटच्या वाक्याला काय उत्तर देणार, ते राहू दे. बाकीच्याला देतो.

आधी ते ‘नकली पाणी’. कोलाडच्या कुंडलिका नदीत भर एप्रिल-मे मध्येसुद्धा राफ्टिंग चालतं, जेव्हा कोकणातल्या बाकी नद्यांत दगडं उघडी पडलेली असतात, ते कशामुळं? तर वर घाटमाथ्यावर टाटांचं मुळशी धरण आहे, तिथलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज तयार होते आणि ते पाणी पुढं कुंडलिकेत सुटतं. भिऱ्याचं वीजघर 1927 चं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह केला तेच हे धरण. आता गंमत बघा, मुळशी धरण आहे मुळा नदीवर, मुळा जाते मुठेला मिळून भीमेत आणि भीमा शेवटी कुठं जाते? कृष्णेत. म्हणजे हे पाणी सरळ वाहिलं असतं तर पूर्वेला कृष्णेतच गेलं असतं, ते वीजेसाठी पश्चिमेला वळवलं म्हणून कोलाडच्या बोटी चालतात. तेव्हा घरच्या पाण्याचाच अभिमान असेल तर कोलाडला पण तुम्ही कृष्णा खोऱ्याच्याच पाण्यावर बसणार आहात, काळजी नको. आपल्या कोयनेचं पण असंच, बरंचसं पाणी वीजेसाठी खाली कोकणात पोफळीकडं उतरतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणला जातं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ते पाणी ठरवून सुटतं, साधारण सकाळी सुटतं, आणि ते सुटलेलं पाणी नदीतून पुढं सरकत असतानाच बोटी टाकायच्या असतात. तुम्ही मला ‘सकाळी साताला हजर रहा म्हणजे काय शाळेची सहल आहे का’ म्हणून टोमणा मारलाय, त्याचं कारण हे आहे. उशीर झाला तर आयोजक थांबेल हो, पाणी थांबत नाही. दुपारी बाराला जाऊन ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय, एक बोट सोडा की’ म्हणून भांडणारे लोक मी तिथं बघितलेत, आणि समोर नदीत गुडघाभर पाणी. राफ्टिंगचं प्लॅनिंग म्हणजे आधी पाण्याचं प्लॅनिंग. कुणाच्या हातात आहे, किती सुटणार, किती वाजता सुटणार, वर पाऊस आहे का. बोट, कपडे, गाडी, जेवण हे सगळं नंतर. एवढं एकच मला त्या लेखात सांगायचं होतं, आणि तुमचं सगळं प्लॅनिंग बोटीपासून सुरू होतंय म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

आता कोयना. हेळवाकला नदी दक्षिणेची पूर्वेला वळते, पुढं पाटण, मग कऱ्हाडला प्रीतिसंगम. दिसायला एक नंबर नदी, वाद नाही. पण ऑगस्टमध्ये त्या नदीत किती पाणी आहे हे कशावर ठरतं ते बघा. कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही युनिट चालू असली की 2100 क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे सेकंदाला साठ हजार लिटरच्या आसपास. हे झालं साधं पाणी. धरण भरत आलं आणि सहा वक्र दरवाजे उचलले की आकडा थेट कित्येक हजार क्युसेकनं वाढतो, आणि दरवाजे किती फूट उचलायचे ते पाणलोटात किती पाऊस पडतोय, आवक किती आहे, खाली कऱ्हाड-सांगलीत पातळी किती आहे हे बघून ठरतं. ते तुमच्या सुट्टीच्या हिशोबानं ठरत नाही. भोंगा वाजतो, गावांना इशारा देतात, पण तो काठावरच्या माणसासाठी असतो की जनावरं वर घ्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढा. नदीच्या मध्ये बोटीत बसलेला माणूस त्या इशाऱ्याचं काय करणार, दोन्ही बाजूला चढायला जागा नसेल तर? शिवाय केरा, मोरणा, वांग या नद्या धरणाच्या खाली येऊन मिळतात, त्यांचं पाणी कोयना धरणाच्या दरवाजांच्या हातात नाही. वर डोंगरात एक चांगली सर झाली की तासा-दोन तासात गढूळ लोंढा. पाटणजवळचा मूळगावचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी तुम्ही पण दरवर्षी वाचता की. पाण्याखाली जायच्या थोडं आधी काय होतं ते बघा, पूल आणि पाणी यात बसलेल्या माणसाचं डोकं जाईल एवढी पण फट रहात नाही. बोट तिथं पोचली तर पुलाला अडकून उलटणारच.

धरणाचं पाणी वाढणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर 8 जून 2014 आठवा. हिमाचलात बियास नदी, वर लारजी धरण. हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं नदीपात्रातल्या दगडांवर फोटो काढायला उतरली होती, वरून पाणी सोडलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. ती राफ्टिंग करत नव्हती, पोहत पण नव्हती. नुसती उभी होती.

बरं पाणी सोडा, पात्र बघा. राफ्टिंगच्या नदीला एक ग्रेड असतो, एक ते सहा. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जवळपास अशक्य. कुंडलिका साधारण दोन-तीनमध्ये बसते, ऋषिकेशच्या वरच्या टप्प्यात ‘द वॉल’ नावाचा रॅपिड, म्हणजे उसळत्या पाण्याचा टप्पा, आहे तो चारच्या वर धरतात. हे ग्रेड कुणीतरी तिथून शेकडो वेळा जाऊन, कुठं दगड आहे, कुठं पाणी गिरकी खातं, कुठून काठाला लागता येतं हे बघून ठरलेले असतात, आणि तरी पाणी कमी-जास्त झालं की तोच रॅपिड बदलतो. हेळवाक-पाटणच्या पट्ट्याचं हे असं कुणी करून ठेवलंय का तुमच्यासाठी? आणि आपल्या नद्यांवर बंधारे आहेत राव. सांगलीचा, डिग्रजचा, म्हैसाळचा, बहेचा, हे तर कृष्णेवरचे सगळ्यांना माहितीतले. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे खांबांमधल्या पाणी अडवायच्या फळ्या, काढतात म्हणून बंधारा ‘उघडा’ झाला असं आपण म्हणतो पण खांब तिथंच असतात, आणि त्या खांबांना वाहून आलेली बाभळ, उसाचा पाला, ओंडके अडकतात. पाणी त्यातून गाळून पुढं जातं, माणूस जात नाही. पाण्याचा सगळा जोर तुम्हाला त्या फांद्यांवर दाबून धरतो. आणि जिथं पाणी बंधाऱ्यावरून पडतं तिथं खाली ते उलटं फिरतं, वरून बघितलं तर अगदी गुळगुळीत नि निवांत दिसतं, पण पडलेली वस्तू तिथंच गोल गोल फिरत रहाते. ओंडका तासन् तास फिरताना बघितला असेल तुम्ही. जगभरातले राफ्टिंगवाले धबधब्याला भीत नसतील एवढे असल्या बुटक्या बंधाऱ्याला भितात.

आता पोहणं. इथं मला माहितीय की मी कुणाशी बोलतोय. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुरात उड्या मारणारी पोरं आमच्या डोळ्यासमोरची, होड्यांच्या शर्यती आमच्याकडं होतात, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून हयात आहे. कृष्णाकाठचं पोहणं भारीच, त्यात मी काही कमी करत नाही. पण सांगलीत पूर आला की नदी पसरते, माती-शेतावर चढते, ओढ असते पण खाली दगड नसतो. डोंगरातल्या उतारावरच्या नदीत गोष्ट वेगळी. एक तर फेसाळ पाण्यात हवाच हवा असते, अंग तरंगत नाही, चांगला पोहणारा पण हात मारतो नि खाली जातो, म्हणून जॅकेट. दुसरं म्हणजे खालचा दगड, म्हणून हेल्मेट. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, चांगल्या पोहणाऱ्याला कंबरभर पाणी दिसलं की तो उभा रहायला बघतो. तिथंच पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी ढकलतं, माणूस तोंडावर पालथा पडतो आणि कंबरभर पाण्यात बुडतो. म्हणून बोटीत बसवायच्या आधी गाइड सांगतो की पडलात तर उताणे व्हा, पाय पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर, उभं राहू नका, काठाला गुडघ्याएवढं संथ पाणी लागेपर्यंत तरंगत जा. हे आपल्या पोहण्याच्या सवयीच्या बरोबर उलटं आहे, म्हणून ते शिकवावं लागतं, आणि ज्याला अजिबात पोहता येत नाही तो ते पटकन ऐकतो असा माझा अनुभव आहे.

आणि जॅकेटची चेष्टा सांगली जिल्ह्यातल्या माणसानं तरी करू नये असं मला वाटतं. ऑगस्ट 2019, ब्रह्मनाळ. पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट, त्यात मावतील त्यापेक्षा जास्त लोक, आणि ती उलटली, माणसं बुडाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला पण माहितीय.

बोटीचं सांगतो. जी बोट तुम्ही मागवलीय तिचं वर्णन वाचून मला ती तळ्यात फिरायची वाटते. नदीवर वापरतात तो राफ्ट जाड रबरी कापडाचा, आत वेगवेगळे कप्पे, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, तळाला भोकं ठेवलेली की आत आलेलं पाणी आपोआप निघून जावं, कडेनं चौफेर दोर, आणि पाय अडकवायला जागा. मागं बसलेला गाइड दिशा धरतो आणि ओरडतो: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन. बोट दगडाला आडवी लागली की ‘हाय साइड’ म्हणतो, म्हणजे सगळ्यांनी दगडाच्या बाजूला वजन टाकायचं. मन मागं घ्यायला सांगतं, दगडापासून लांब, आणि तसं केलं की वरच्या बाजूनं पाणी आत घुसतं नि बोट उलटते. बरोबर एक कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतला माणूस, पुढं थांबलेला असतो, पडलेल्याला उचलायला, आणि पडलेल्याकडं फेकायच्या दोरीची थ्रो बॅग. तुमच्या सहा जणांत हे कोण करणार? सगळेच वल्ही मारणार आणि एक जण रील काढणार, होय ना? आपल्या राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची म्हटलंय, बुकिंग करताना नोंदणी आहे का ते सरळ विचारा, तो गडबडला की दुसरा बघा.

पैशाचं मात्र तुमचं बरोबर आहे. सांगलीहून ऋषिकेश म्हणजे मिरजेतून गोवा एक्सप्रेस, निजामुद्दीन, पुढं हरिद्वार, जाऊन-येऊन प्रवासातच निम्मा आठवडा संपला. पोरासोरांना ते परवडत नाही. आणि ऑगस्टमध्ये तर जाऊच नका, जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवर राफ्टिंग बंदच असतं, सप्टेंबरमध्ये परत सुरू होतं. तेव्हा ब्रह्मपुरीपासूनचा छोटा टप्पा, शिवपुरीपासूनचा सोळा किलोमीटरचा, असं आपल्या तयारीनुसार घेता येतं, पाणी मात्र बर्फाचं, पहिल्या लाटेलाच श्वास अडकतो. त्यापेक्षा आपल्याला जवळ दांडेली. बेळगाववरून जायचं, काळी नदी, वर सुपा धरण, तिथं पण तेच, वीजेसाठी पाणी सुटलं तर बोट. पावसाळा संपल्यावर जा आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून चालू आहे ना ते विचारून घ्या, मध्येमध्ये बंद असतं.

ऑगस्टमध्येच जायचं असेल तर मग कोलाड, तेही पाऊस फार नसेल तर. रस्ता दोन्हीकडून आहे. एक ताम्हिणीवरून, दुसरा तुमच्या आवडीचा, कऱ्हाड, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण, महाड, माणगाव. म्हणजे हेळवाक वाटेत येतंच, उतरून नदी डोळे भरून बघा. पण रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट बोटीत हे नको, पावसात घाटात दरड आली की अडकलात, आणि झोप न झालेला ड्रायव्हर परतीला पण तोच असतो. आदल्या दिवशी दुपारी निघा, माणगाव किंवा कोलाडला मुक्काम करा. चष्मेवाल्यांनी दोरी बांधा, चप्पल नको, मागं पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट, मोबाइल गाडीत.

आणि तुमच्या बारा वर्षांच्या भाच्याचं विचारलंय. ऋषिकेशला चौदाच्या आत घेत नाहीत, कोलाडला वयाची अट आयोजकाकडून आधीच विचारून घ्या, जॅकेट त्याच्या मापाचं आहे का ते पण विचारा. मोठ्याचं जॅकेट लहान पोराला दिलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं. खांद्याला धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत आलं तर ते माप त्याचं नाही, दुसरं मागायचं, नसेल तर त्याला काठावर बसवायचं, रडला तरी.