गुरुजींना वेळ होता

आमच्या गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. आम्ही तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकलो. यंदा शिक्षकदिनाच्या आधी आठवडाभर ग्रुपवर एकच विषय होता, गुरुजींचा सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मंडप, जेवण, कुणी किती वर्गणी द्यायची. मी जर्मनीतल्या न्यूर्नबर्गहून माझी वर्गणी लगेच पाठवली. त्याच संध्याकाळी, वर्गणी गोळा करणाऱ्या वर्गमित्रानेच ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा शाळेत खुर्चीत बसलेले, मोबाइलमध्ये डोकं घातलेले एक शिक्षक. खाली लिहिलेलं : ‘फुकटचा पगार.’ त्यावर बघता बघता टाळ्यांची रांग लागली.

हा मित्र वाईट नाही. वर्गणी तो मनापासून गोळा करत होता आणि व्हिडिओही त्याने मनापासूनच पाठवला होता. त्याच्या लेखी गुरुजी वेगळे आणि आजचे शिक्षक वेगळे. गुरुजी देवमाणूस, हे नुसते पगारी. चौदा वर्षं जर्मनीत राहून, इथल्या शाळेत मुलीला घालून, मला ही विभागणी पटेनाशी झाली आहे. का, ते सांगायचं तर आधी माझ्या चष्म्याची गोष्ट सांगायला हवी.

तिसरीपर्यंत मला फळा दिसत नव्हता. दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं. फळा म्हणजे काळा चौकोन आणि त्यावर पांढरं धुकं, सगळ्यांना तो असाच दिसत असणार असं मी धरून चालले होते. गणित फळ्यावर पडलं की मी शेजारणीच्या पाटीवरून उतरवून घ्यायचे. दुसरीत यासाठी हातावर फूटपट्टी खाल्ली होती, कारण ती नक्कल ठरली होती. त्या शिक्षकांबद्दल मनात कडवटपणा उरलेला नाही, पण कृतज्ञताही नाही, आणि ती ओढूनताणून आणायची मला गरज वाटत नाही.

तिसरीला गुरुजी आले. एका सकाळी त्यांनी फळ्यावर वजाबाकी लिहिली आणि टेबलाशी न बसता वर्गातून फिरत माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांची सावली माझ्या पाटीवर पडली आणि माझा हात थांबला. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग खाली वाकून म्हणाले, “ही उत्तर बघत नाहीये. ही गणितच बघतेय.” मला उठवून त्यांनी भिंतीपाशी नेलं आणि तिथून एकेक पाऊल पुढे घ्यायला सांगितलं. “आता दिसतंय? आता?” फळा दोन हातांवर आला तेव्हा मी आकडे वाचले. गुरुजींनी पावलं मोजली होती.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते माझ्या वडिलांना आणि मला घेऊन एस.टी.ने साताऱ्याला गेले. चष्म्याला वडिलांकडचे पैसे कमी पडले तेव्हा उरलेले त्यांनी घातले, हे मला कॉलेजात गेल्यावर आईकडून कळलं. चष्मा लावून सोमवारी शाळेत गेले तेव्हा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज काहीतरी लिहिलेलं असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं : पट ३१, हजर २७. त्या सत्तावीसमध्ये मी होते. दीड-दोन वर्षं मी त्या आकड्यात मोजली जात होते आणि मला तो आकडा दिसला नव्हता.

आता इकडची गोष्ट. आमच्या बव्हेरिया राज्यात प्राथमिक शाळा चार वर्षांची असते. माझी मुलगी पहिलीत असताना मी पालकभेटीला गेले. वेळ आधी ठरवून दिलेली, वीस मिनिटं. मला वाटलं, बाई तिच्या जर्मन भाषेविषयी तक्रार करणार. त्या म्हणाल्या, “तुमची मुलगी मोजताना ओठ हलवते, पण जर्मनमध्ये मोजत नाही. आमच्याकडे २१ ला ‘एक आणि वीस’ म्हणतात. बाहेरून आलेली बरीच मुलं इथे अडकतात, ऐकून १२ लिहितात. हिचं तसं होत नाही. तुमच्या भाषेत कसं म्हणतात?” मी म्हटलं, एकवीस, बावीस, तेवीस, आमच्याकडेही एकक आधी. त्यांनी मला पुन्हा सावकाश म्हणायला लावलं, आपल्या वहीत टिपून घेतलं आणि म्हणाल्या, “तिला घरी मराठीतच मोजू द्या. तिच्याकडे आयती शिडी आहे, ती काढून घेऊ नका.”

बाहेर मुलांचे कोट अडकवायच्या खुंट्यांखाली एक बुटकं बाक होतं, त्यावर मी जरा वेळ बसून राहिले. पावलं मोजणारे गुरुजी आणि ओठांची हालचाल बघणाऱ्या या बाई. दोघांनी केलं ते एकच काम होतं.

मराठी आकड्यांवरून आठवलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं. जोडाक्षरांपाशी आणि उलट्या क्रमापाशी मुलं अडखळतात, असं गणितज्ञ मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, आणि आपण मात्र भाषा बुडाली म्हणून ओरडत होतो. जर्मनीतही आकडे सरळ क्रमाने म्हणावेत अशी मागणी करणारी माणसं आहेत. माझ्या मुलीला जुनी पद्धत फळली, दुसऱ्या कुणाला नवी फळेल. नेमकं कुठलं मूल कुठे अडलंय, हे त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं. तो उभा राहू शकेल अशी सोय आपण ठेवली आहे का, यावर त्या सगळ्या गदारोळात कुणी बोललेलं मला आठवत नाही.

या बाईंना उभं राहता येतं, कारण त्यांच्या वर्गात बावीस मुलं आहेत, चारही इयत्तांची मिळून नव्हेत, एकाच इयत्तेची. शाळेची कागदपत्रं बघायला कचेरीत वेगळी व्यक्ती आहे. निवडणुकीचं केंद्र सांभाळायला इथे साधे नागरिक बसतात. आमच्या शेजारच्या आजी दर निवडणुकीला मतं मोजायला जातात आणि संध्याकाळी थकून पण खुशीत परततात. २०२२ च्या जनगणनेत दारोदार जायला मानधनावर माणसं नेमली होती. माझ्या मुलीचा वर्ग त्यासाठी एक दिवसही बंद राहिला नाही.

इथे सगळं सोन्याचं आहे असं मला म्हणायचं नाही. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढून दहा वर्षांच्या मुलाची पुढची वाट ठरते. इथे १ हा सगळ्यांत चांगला गुण. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी, असेल तरच थेट गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस. आमच्या गुरुजींनी कुणाला असं दहाव्या वर्षी बाजूला काढलं नाही. उलट चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी ‘तू बस, बघू’ म्हणून ते ढकलायचे. शिवाय इथल्या सरकारी सेवेतल्या कायम शिक्षकांना संपाचा हक्क नाही. २०१८ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी शिक्षक इतर कर्मचाऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले, तसं इथे त्यांना करता येत नाही.

आणि कृतज्ञता? बर्लिनमध्ये एका वर्गाने निरोपाच्या वेळी आपल्या बाईंना सुमारे दोनशे युरोंची एक छोटी मूर्ती भेट दिली, आणि ती घेतली म्हणून त्या बाईंना चार हजार युरो भरावे लागले. २०१५ च्या सुरुवातीला ही बातमी वाचून मी सुन्न झाले होते. नियमामागचं कारण मला कळतं, गुण देणाऱ्या हाताने भेट घेऊ नये. पण साठीच्या माणसांनी ऐंशीच्या गुरुजींच्या पायावर भर बाजारात डोकं ठेवावं, हे इथे कुणाला समजावून सांगता येत नाही. ते आपल्याकडे आहे आणि ते मला जपावंसं वाटतं. म्हणूनच तो व्हिडिओ मला इतका लागला.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विचारलं होतं, की शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, हे कसं? शिक्षक संघटना खवळल्या. त्याच सुमारास ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचं फर्मान निघालं. सन्मानासाठी, असं सांगितलं गेलं. दुसऱ्याला बसवून स्वतः गायब राहणाऱ्यांना चाप बसावा म्हणून, असंही बोललं गेलं.

बंब यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आमचे गुरुजी गावातच राहायचे, देवळामागच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत. रात्री कंदिलाभोवती आम्ही सात-आठ जण शिष्यवृत्तीचा अभ्यास करायचो, आणि त्यांची बायको अकरा वाजता ‘पोरांना घरी जाऊ द्या आता’ म्हणून आतून हाक मारायची. ते गावात नसते तर हे झालं नसतं. पण ते का राहत होते? गाडी नव्हती, एस.टी. दिवसातून दोनदा, आणि त्यांची स्वतःची मुलं आमच्याच वर्गात बसायची. आज ज्या गावातून सरपंचाचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसने जातो, तिथे मास्तरांनी मात्र आपल्या मुलांसह मुक्काम करावा, असं आपण कुठल्या तोंडाने सांगायचं? मी तर आणखी लांब निघून आले आहे. मी सांगूच शकत नाही.

माझ्या मते रात्रीचा मुक्काम हा दुय्यम प्रश्न आहे. दिवसाचे पाच तास तरी शिक्षक मुलांच्या वाट्याला येतात का, हा पहिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीनच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. १९९१ च्या जनगणनेत आमचे गुरुजीही उन्हातून घरोघर फिरले होते, तेव्हा त्या काळी कामं नव्हती असं नाही. पण ती यायची आणि संपायची. आता ती संपत नाहीत. आमच्या त्याच शाळेत आज पट १७ आहे, चार इयत्ता, दोन शिक्षक. गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा तिथल्या बाई मतदारयादीच्या कामातल्या होत्या, बीएलओ. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी, मुलांचे आधार क्रमांक, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची माहिती, आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो. रेंज मिळावी म्हणून त्या शाळेच्या पायरीवर मोबाइल उंच धरून उभ्या होत्या. आत मुलं पाढे म्हणत होती. कुणी तेवढ्यात व्हिडिओ काढला असता तर आमच्या ग्रुपवर त्याही ‘फुकटचा पगार’ ठरल्या असत्या.

त्या आत येऊन मुलांच्या मागे उभ्या राहिल्या तेव्हा मी पाहिलं आहे. एका मुलाच्या वहीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हा हातचा कुठं गेला रे?” आणि तो सापडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. गुरुजींइतक्याच त्या मला जवळच्या वाटल्या. फक्त त्यांच्या खिशातला फोन तेवढ्यात तीनदा वाजला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लिहून झाल्यावर एक सुचवलं : शाल-श्रीफळ द्याच, पण मंडप आणि सन्मानचिन्हाचा खर्च वाचवून, आठवड्यातले दोन दिवस शाळेची ऑनलाइन माहिती भरायला गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला मानधन देऊ. निदान एक वर्ष. दोघांनी लगेच होकार दिला. एकाने विचारलं, हे सरकारचं काम आपण का करायचं? प्रश्न बरोबर आहे, आणि सरकारकडे ते मागत राहायलाच हवं. पण तोवर त्या सतरा मुलांची तिसरी-चौथी संपून जाईल. व्हिडिओ टाकणारा मित्र दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने मुख्याध्यापकांची परवानगी लागेल का, एवढंच विचारलं.

गुरुजींना मी रविवारी व्हिडिओ कॉल केला. नातवाने फोन धरला होता. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, सत्काराला येता येणार नाही. त्यांनी हात हलवला, ते राहू दे म्हणून. मग पडद्याच्या अगदी जवळ येऊन माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “आता किती नंबर आहे गं?”

“उणे साडेसात, गुरुजी.”

“आणि पोरीला?”

मी म्हटलं, अजून तपासलं नाही. ते रागावले.