‘एकवीस दिवसांत कुरळे केस सरळ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘कुरळे केस म्हणजे पोषण न मिळालेले केस’ अशी त्याची सुरुवात. पुढे उपाय दिलेत. रोज रात्री टाळूला खोबरेल चोळा. सकाळी कोरड्या केसांतून शंभर वेळा कंगवा फिरवा. शॅम्पू-कंडिशनर ही केमिकलं बंद करा आणि शिकेकाईची पूड किंवा अंगाचाच साबण लावा. एकवीस दिवसांत केस सरळ होतील. नाही झाले तर एकदा अगदी बारीक कापा, नवे सरळ उगवतील. तरीही हट्टी राहिले तर सलूनमध्ये केस सरळ करायचं ‘केराटिन’ करून घ्या. शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून पोचला.

माझ्या तेरा वर्षांच्या भाचीनेही तो वाचला. तिचे केस कानाच्या पाळीपर्यंत आणि घट्ट कुरळे आहेत. रात्री फोन करून म्हणाली, “मावशी, माझे केस आजारी आहेत का गं?” त्या एका प्रश्नामुळे हे लिहायला बसले. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझी सख्खी आत्याही आहे, तिच्या मनात काही वाईट नाही हे मला ठाऊक आहे. पण भाचीच्या वयाच्या मुलींनी हे वाचून स्वतःच्या डोक्याची लाज बाळगावी, हे मला सहन होत नाही.

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. केस कुरळा व्हायचा की सरळ, हे तो त्वचेबाहेर येण्याआधीच ठरतं. केस ज्या बारीक नळीत वाढतो तो रोमकूप सरळ उभा असला की केस सरळ येतो. तो वाकलेला असला की केस वळत बाहेर पडतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुधा गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल. ही ठेवण आईबापांकडून येते. आमच्या आजोबांचा तरुणपणीचा फोटो भिंतीवर आहे, भाचीच्या डोक्यावरचे केस त्याच फोटोतले आहेत. वयात येताना किंवा गरोदरपणी हा वळ कमीजास्तही होतो, त्यामुळे ‘लहानपणी सरळ होते, आता काहीतरी बिघडलं’ ही भीतीही सोडून द्यायला हरकत नाही.

आणि खऱ्या कुपोषणात काय होतं? आहारात प्रथिनांची गंभीर कमतरता असलेल्या मुलांचे केस विरळ होतात, त्यांचा रंग फिकट, तांबूस होतो आणि मुळात कुरळे असलेले केस सैल पडून सरळ होऊ लागतात. बालरोगाच्या पुस्तकांत हे लक्षण म्हणून दिलेलं असतं. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट.

आता खोबरेलाविषयी. मी खोबरेलाच्या विरोधात नाही, उलट आमच्या घरात त्याशिवाय चालत नाही. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातून निघून जाणारं प्रथिन कमी झालं, बाकी दोन तेलांनी झालं नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. मॅरिको स्वतः पॅराशूट खोबरेल विकते हे लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा, पण मला तो पटतो. मात्र केसाचं प्रथिन वाचवणं वेगळं आणि रोमकूपाचा आकार बदलणं वेगळं. तेल चोपडल्यावर केस सरळ वाटतात ते वजनाने आणि एकमेकांना चिकटल्याने. धुतले की वळ परत येतो.

शिवाय मेसेज तेल चुकीच्या जागी लावायला सांगतो. टाळूतून तेल आपोआप पाझरतच असतं. सरळ केसावरून ते टोकापर्यंत घरंगळतं, कुरळ्या केसाच्या वळणांवर अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, ही कुरळ्या केसांची नेहमीची तक्रार. तेल हवंय टोकांना, न्हाण्याआधी तास-अर्धा तास. कोंडा असलेल्या टाळूवर रात्रभर तेल मुरवणं तर टाळाच, कारण कोंड्याशी निगडित असलेली बुरशी तेलातल्या मेदावरच जगते.

शंभर वेळा कंगव्याचं थोडक्यात सांगते. कोरड्या कुरळ्या केसांतून कंगवा फिरला की एकत्र राहिलेली बट सुटते, केस पिंजारतात आणि वळणांवर ताण येऊन तुटतात. मग आरशात जो पिसारा दिसतो त्यालाच लोक ‘खराब केस’ म्हणतात. गुंता काढायचाच, पण केस ओले आणि कंडिशनरने बुळबुळीत असताना, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे. ‘कुरळ्या केसांना कंगवा लावूच नये’ असंही हल्ली ऐकू येतं. तेही मला मान्य नाही. आठवडेच्या आठवडे न सोडवलेल्या केसांची जट होते, आणि आपल्याकडे त्या जटेला देवीचा कोप समजून बायकांनी किती वर्षं डोक्यावर ओझं वाहिलं आहे, हे जट सोडवणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना विचारा.

‘केमिकल’ या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे. माझी आजी शनिवारी संध्याकाळी शिकेकाई, रिठा आणि सुगंधी गवला कचरा भिजत घालायची, रविवारी उकळायची आणि जुन्या सुती कापडातून दोनदा गाळायची. शिकेकाई आणि रिठ्यातला फेस सॅपोनिनचा. सॅपोनिन तेच काम करतं जे शॅम्पूतला फेस आणणारा पदार्थ करतो, तेलाला पाण्यासोबत वाहून नेतं. तेही रसायनच आहे, झाडाने बनवलेलं. पण गाळणं महत्त्वाचं होतं. मेसेज सांगतो तशी कोरडी पूड कुरळ्या केसांत चोळली तर तिचे कण वळणांत अडकतात आणि ते काढताना केस ओढले जातात. भाचीच्या आईने हा प्रयोग केला, तीन पाणी झाली तरी उशीवर भुगा पडत होता.

आजी त्यानंतर जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस केसांना लावायची. हे काय होतं? केसावर केस घसरावा, गुंता सुटावा म्हणून लावलेला थर. कंडिशनर तेच काम वेगळ्या मार्गाने करतो. धुतलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, कंडिशनरमधले धन भाराचे रेणू तिथे जाऊन बसतात आणि केस खरखरीत राहत नाही. जिथे झीज जास्त तिथे ऋण भार जास्त, म्हणून टोकांवर तो अधिक चिकटतो. कुरळ्या केसांच्या घरात एकच बाटली परवडत असेल तर ती कंडिशनरची असावी, इतकं माझं स्पष्ट मत आहे. महागडी लागत नाही.

अंगाचा साबण मात्र नको. तो अल्कधर्मी असतो, त्याने केसावरचे खवले उचलले जातात. बोअरच्या जड पाण्यात तर त्याची न विरघळणारी साय धरते आणि ती केसांवर बसते. ज्यांच्या बादलीच्या कडेला पांढरा थर जमतो त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

बारीक कापल्याने सरळ केस उगवतात, हे जावळापासून चालत आलेलं आहे. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, रोमकूप त्वचेच्या खाली असतो. बाळाचे केस पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तसेही बदलतात, जावळ काढा वा न काढा. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला दाट लागतं, एवढंच.

आणि केमिकल नको म्हणणारा मेसेज शेवटी केराटिन करायला सांगतो! हे वाचून मी हादरले, कारण तेरा वर्षांच्या मुलीच्या आईला दिलेला हा सल्ला आहे. केस सरळ करणाऱ्या अशा अनेक उपचारांत फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारे पदार्थ असतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरणारी उत्पादनं आली. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापून आली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या उत्पादनात हेच आम्ल होतं. बरं, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आखूड केसांत तीन महिन्यांत मुळाशी तीन सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळ असं दिसायला लागतं. मग पुन्हा सलून.

मग भाचीला मी काय सांगितलं? आठवड्यातून दोनदा न्हायचं. शॅम्पू फक्त टाळूला, कंडिशनर टाळू सोडून सगळ्या केसांना. कंडिशनर केसांवर असतानाच बोटांनी गुंता काढायचा. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, आजोबांचा जुना पंचा घेऊन केस मुठीत धरून दाबायचे. केस निथळत असतानाच जवसाचं जेल लावायचं. दोन मोठे चमचे जवस दीड पेला पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचं. थंड झाल्यावर गाळायला गेलं तर ते कापडातून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. विदर्भात चटणीसाठी घरोघरी जवस असतोच, त्यामुळे तिच्या आईला वेगळं काही आणावं लागलं नाही.

जेल लावल्यावर वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे तिला सगळ्यात कठीण जातं. केस ओले असताना त्यातले हायड्रोजनचे बंध, म्हणजे केसातल्या प्रथिनाला आतून जोडणारे नाजूक दुवे, सुटलेले असतात, वाळताना ते नव्याने जुळतात आणि त्या वेळी केस जसा ठेवला तसा बसतो. मधेच हात घातला की बट फुटते. वाळल्यावर कडक वाटलं तर मुठीत हलकेच चुरगाळायचं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने हेच बंध पुन्हा हलतात आणि केस फुलतात, तेव्हा जेल थोडं जास्त घ्यायचं.

केस कापणाऱ्या ताईंना तिने आता आधीच सांगायचं ठरवलंय: ओले असताना पाळीपर्यंत आलेले केस वाळले की दोन बोटं वर जातात, तेवढे जास्त ठेवा. आणि सकाळी उशीने मानेजवळची एखादी बट चपटी झाली तर सगळं डोकं भिजवायचं नाही, ओल्या बोटाला तेवढीच बट गुंडाळून सोडायची.