न्यू लॅनार्क : गिरणीसोबत घरेही जपणारे गाव

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणूनच कदाचित स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क पाहताना माझी नजर गिरणीच्या इमारतींपेक्षा कामगारांच्या दगडी घरांकडे पुन्हा पुन्हा वळत होती. क्लाइड नदीच्या खोऱ्यात, धबधब्यालगतच्या पाण्याच्या जोरावर डेव्हिड डेल यांनी उभारलेल्या या गिरणीत १७८६ मध्ये सूतकताई सुरू झाली. १८०० पासून त्यांचे जावई रॉबर्ट ओवेन कारभार पाहू लागले. त्यांनी दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, गावच्या दुकानात रास्त भावाने चांगला माल ठेवला आणि १८१६ मध्ये मुलांसाठी अशी शाळा काढली, जिथे मारझोड नव्हती आणि गाणे-नाचणे शिक्षणाचाच भाग होते. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखल्यामुळे एकदा गिरणी चार महिने बंद राहिली, तेव्हाही कामगारांना पूर्ण पगार मिळाला.

तेथे ओवेन यांच्या काळातील एक बोटभर लांबीचा लाकडी ठोकळा पाहायला मिळतो. त्याच्या चार बाजू काळ्या, निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या. प्रत्येक कामगाराजवळ असा ठोकळा टांगलेला असे आणि आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे त्याची एक बाजू दर्शनी केली जाई; काळी म्हणजे वाईट, पांढरी म्हणजे उत्तम. मारण्यापेक्षा हे बरे, हे मला मान्य आहे. तरीही दिवसभर काळा रंग समोर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनाचा विचार करून मी अस्वस्थ झालो, आणि मालकाच्या चांगुलपणासोबत त्याची ही नजरही जपून ठेवली आहे, याबद्दल मला त्या गावाविषयी आदर वाटतो.

१९६८ मध्ये गिरणी बंद पडली आणि गावाला अवकळा आली. पुढे जतनासाठी न्यास स्थापन झाला, घरे दुरुस्त करून पुन्हा वसवली गेली, आणि २००१ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा स्थळ ठरवले. तेथील खिडक्यांना आजही राहत्या घरांचे पडदे आहेत.

आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आले आणि कुठे एखादी चिमणी उरली. ती चिमणी पाहून पुढच्या पिढीला गिरणगाव कळेल, असे मला मुळीच वाटत नाही. पाळीवरून आलेला माणूस ज्या वळकटीवर पडायचा, तिच्यावरून दुसरा नुकताच उठून पाळीला गेलेला असायचा. असा निदान एक गाळा, त्याच्या शेजारची खाणावळ आणि भिंतीवरच्या खुंट्यांसह, चाळी पाडण्याआधी कोणीतरी राखायला हवा.