सांबाराचं त्रैराशिक

उडप्याच्या हॉटेलात दोन इडल्यांबरोबर एक वाटी सांबार येतं. हे प्रमाण ज्याने ठरवलं, त्याने स्वतः इडली कधी खाल्ली नसावी. पहिली इडली संपते तेव्हा वाटीचा तळ दिसायला लागतो आणि दुसरी समोर कोरडी ठणठणीत बसलेली असते. "सांबार लाना" म्हटलं की वेटर मान डोलावतो. हा होकार समजू नये. ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ. सांबार येतं ते दुसरी इडली चटणीशी संपवल्यावर, आणि येतं तेही काठोकाठ. टाकवत तर नाही, म्हणून एक इडली मागवायला जावं, तर सिंगल मिळत नाही. प्लेटमध्ये दोनच असतात. त्या दोघींबरोबर पुन्हा एक वाटी सांबार येतं.

यावर उपाय म्हणजे 'डिप'. खोलगट बशीत इडल्या सांबारात बुडवूनच येतात. पण इडलीची प्रकृती स्पंजाची. पाच मिनिटं पेपर वाचलात, तर बशीत सांबार नसतं आणि इडलीचा लगदा असतो. म्हणून इडली नेहमी सेपरेट घ्यावी आणि सांबाराची दुसरी वाटी पहिल्या घासालाच मागावी. मेदूवड्याचा कायदा वेगळा. घाणा निघाल्या निघाल्या वडा सेपरेट, म्हणजे कड कुरकुरीत लागते. साडेदहाच्या पुढे तोच वडा रबरासारखा ताणला जातो, तेव्हा डिपच. चिवट वड्याला सांबारच सुधारू शकतं.

सांबारालाही थर असतात. डाळ तळाशी बसते, वर पाणी आणि फोडणीची तर्री. पोऱ्या घाईत वरचंच वाढतो. "नीचे से" हे दोन शब्द न लाजता उच्चारले, तर वाटीत शेवग्याची शेंग येण्याची शक्यता बरीच वाढते.

डोशाचं शास्त्र तव्याशी उभं राहून शिकावं. तव्यावर पाण्याचा हबका, त्यावर खराट्याचा एक फटकारा, मग पीठ. हे पाणी स्वच्छतेपुरतं नसतं. तवा फार तापला तर पीठ पडल्या जागी धरतं, पळीबरोबर गोळा होऊन येतं, पसरत नाही. हबक्याने तो जरा निवतो. सकाळचे पहिले एकदोन डोसे फिकट निघतात, कारण तवा अजून तेल प्यायलेला नसतो. म्हणजे उघडल्या उघडल्या जाणारा शहाणा नव्हे. मोठ्या तव्यावर डोसे एका घाण्यात सहा-आठ पडतात, तेव्हा शेजारच्याने मसाला डोसा सांगितला की आपणही तोच सांगावा. उत्तप्पा जाड, त्याला मंद आच आणि दुप्पट वेळ लागतो. ऐन गर्दीत उत्तप्पा मागणाऱ्याकडे तवेवाला ज्या नजरेने बघतो, ती त्याची चूक नाही.

फिल्टर कॉफीच्या पेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो, तो धरण्यासाठी. पोटाला धरलात तर बोटं भाजतात. आधी वाटग्यात ओतावी, पुन्हा पेल्यात, मग प्यावी.

दुपारी बारा ते तीन हे राइस प्लेटचं राज्य. पहिली कसोटी जागेची. चार खुर्च्यांच्या टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक उमेदवार उभा असतो. कुणामागे उभं राहायचं, यात अर्धं जेवण आहे. पापड संपला ही खूण नव्हे. पापड काहीजण पहिल्यालाच खातात. दहीभातावर आलेला माणूस उत्तम. त्याहून उत्तम म्हणजे बडीशेपेच्या बशीत बिल आलेला. अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी यांची बेरीज तपासत बसणारा मात्र टाळावा. हात धुवायला गेलेल्याच्या खुर्चीवर रुमाल टाकू नये. बेसिनपाशी टिश्यूचा चतकोर मिळवून तो परत येतो आणि त्याचं ताक अजून प्यायचं राहिलेलं असतं.

बसायला मिळालं की खरं गणित सुरू होतं. घरच्या पंगतीत आधी वरणभात, तूप, लिंबू, मग पोळी, शेवटी ताकभात. इथे आधी पुऱ्या आणि भात मागून. भाज्यांच्या वाट्या चार घासांत आटोपतात, म्हणून मराठी माणूस तिसरी पुरी डाळीत बुडवतो, चौथीला सांबार पुरवतो, आणि भाताची मूद समोर येते तेव्हा ओला म्हणावा असा एकच पदार्थ उरलेला असतो: लोणच्याचा खार. 'अनलिमिटेड' असेल तर पुन्हा मागता येतं. 'लिमिटेड' असेल तर पुरी दोन भाज्यांतच बसवायची आणि डाळीला हात लावायचा नाही.

मुदीचे भाग करावेत: निम्मा सांबाराला, पाव रस्समला, पाव दह्याला. रस्सम पातळ, त्याला भात कमीच. उरलेलं सरळ प्यावं. खणांच्या थाळीत रस्सम ताटाच्या उताराकडे धावतं आणि उताराला नेमका शिऱ्याचा खण असतो. केळीच्या पानावर तर काठच नाही. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगात पानावर जेवायचं असेल, तर भाताला आळं करायचा सराव घरून करून जावा. आळ्याची आपल्याकडची भिंत जाड ठेवायची आणि घास पलीकडून घ्यायचा. उलट केलंत तर रस्सम मांडीवर.

हे सगळं साधून दह्याची वाटी शेवटच्या पाव मुदीवर पालथी केलेली असते. भात आणि दही अगदी तोलून जुळलेले, पाठीमागचा उमेदवार खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा. नेमका तेव्हा सकाळपासून हाका मारूनही न दिसलेला तो पोऱ्या बादली घेऊन येतो, "सांबार?" असं विचारतो आणि उत्तराच्या आधी वाढतो. नीचे से. शेंगेसकट.