पालेर्मोच्या पडक्या भिंती आणि नॉर्मन राजाचं छत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सहलीच्या बसमधून अर्ध्या दिवसात पाहिलेलं पालेर्मो, म्हणजे इटलीच्या सिसिली बेटाची राजधानी, तुम्हाला घाणेरडं आणि पडकं वाटलं. सिसिलीत ताओर्मिना आहे, आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं आहेत, आणि ते सोडून मी लोकांना पालेर्मोत मुक्काम करायला सांगतोय. शाकाहारी माणसाचे हाल होतात ते वेगळंच. शिवाय अरब आणि नॉर्मन यांच्या सलोख्याची मी सांगितलेली गोष्ट म्हणजे पर्यटकांसाठी रचलेली परीकथा आहे, कारण "शेवटी मुसलमानांना हाकललंच ना?"

हा शेवटचा आक्षेप सगळ्यांत गंभीर, म्हणून तोच आधी घेतो.

हाकललं, हे खरंच आहे. सिसिलीवर आधी अरबांचं राज्य होतं, अकराव्या शतकात ते उत्तर फ्रान्सकडून आलेल्या ख्रिस्ती नॉर्मनांनी जिंकलं. ११६१ मध्ये नॉर्मन राजाविरुद्ध बंड झालं तेव्हा पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झाली. ११८९ मध्ये नॉर्मन राजा दुसरा विल्यम वारला आणि पुन्हा हल्ले सुरू झाले, तेव्हा लोक जीव वाचवायला डोंगरांत पळाले. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावात नेऊन ठेवलं, आणि १३०० मध्ये तीही वस्ती मोडण्यात आली. ज्यूंची वेळ आली १४९२ च्या स्पॅनिश फर्मानाने.

पण शेवट वाईट झाला म्हणून त्याआधीचं सगळं खोटं ठरत नाही. नॉर्मनांचा दुसरा रॉजर ११३० च्या नाताळात राजा झाला आणि राजवाड्यात त्याने स्वतःसाठी प्रार्थनामंदिर बांधून घेतलं, तेच कपेला पालातिना. भिंतींवर सोनेरी मोझेकमधले ख्रिस्त आणि संत बायझंटाइन पद्धतीचे, त्यांच्याभोवतीची अक्षरं ग्रीक आणि लॅटिन. मान वर केली की मात्र अरबी दुनिया. लाकडाचं ते छत मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं आहे आणि त्याच्या खणाखणांत वादक, नर्तकी, मद्याचे पेले घेतलेली माणसं, बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले दोघे, आणि कुफी या कोनदार अरबी लिपीतली आशीर्वचनं. ख्रिस्ती राजाच्या देवघरावर हे छत अरबी परंपरेतल्या कारागिरांनी घडवलं आणि राजाने ते मिरवलं. यात परीकथा कुठे आहे? ते लाकूड आजही जागेवर आहे.

ला झीसा या जुन्या राजमहालात आज ठेवलेली एक संगमरवरी शिळा तुमच्या बसच्या यादीत नसणार. ग्रिझांतो नावाच्या एका पाद्र्याने आपल्या आईच्या, आन्नाच्या, थडग्यासाठी ती ११४९ मध्ये बसवली. मजकूर लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत, आणि चौथ्यांदा हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबीत. तारीखसुद्धा ज्याच्या त्याच्या कालगणनेप्रमाणे. आपल्या आईचं नाव शहरातल्या प्रत्येकाला वाचता यावं असं त्या मुलाला वाटलं. मला राजांच्या सगळ्या मोझेकपेक्षा ही शिळा मोठी वाटते.

आता या सलोख्याचा पाया. इब्न जुबैर हा अंदलुसी, म्हणजे मुसलमान स्पेनमधला, प्रवासी ११८४ च्या डिसेंबरात पालेर्मोत होता. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखा पोशाख करून निघाल्याचं त्याने लिहिलंय, आणि राजाचे मुसलमान चाकर आपला धर्म लपवून जगतात, लोकांवर धर्मांतराचा दबाव आहे, हेही त्यानेच नोंदवलंय. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. नॉर्मनांना हिशेब ठेवणारे, जमीन मोजणारे, आरमार चालवणारे जाणकार हवे होते आणि ते अरब आणि ग्रीक होते. मुसलमानांची सुरक्षितता राजाच्या गरजेवर आणि मर्जीवर उभी होती. राजा गेला की ती गेली. म्हणूनच मी पालेर्मोला जा म्हणतो. एकत्र राहून काय घडवता येतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि ते किती पटकन गमावता येतं तेही तिथेच कळतं.

मराठी माणसाला तर एक खास कारण आहे. रॉजरच्या दरबारात अल-इद्रिसीने ११५४ मध्ये जगाचं वर्णन करणारा ग्रंथ पुरा केला. इतर प्रवाशांच्या हकिगतींवरून लिहिलेल्या त्या ग्रंथात आपलं ठाणं आहे, सोपारं आहे. पालेर्मोतल्या राजवाड्यात कोकण किनाऱ्याची चर्चा होत होती, हे कळल्यावर मला तरी ते शहर परकं राहिलं नाही.

पडक्या घरांबद्दल. जुन्या शहराचा बराच भाग १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत कोसळला. त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट. १९५० आणि ६० च्या दशकांत माफिया, बिल्डर आणि राजकारणी यांनी मिळून शहराभोवतीच्या लिंबू-संत्र्यांच्या बागांवर सिमेंट ओतलं, आणि जुनं शहर तसंच कुजू दिलं. बासिले या वास्तुकाराची देलिएल्ला ही देखणी व्हिला १९५९ मध्ये रातोरात पाडली. तेआत्रो मास्सिमो हे ऑपेरागृह दुरुस्तीसाठी म्हणून १९७४ मध्ये बंद झालं ते थेट १९९७ मध्ये उघडलं. तुम्ही ज्या भिंतींना नाक मुरडलंत त्या या लुटीच्या खुणा आहेत. कचरा वेळेवर उचलला जात नाही हे खरं, आणि त्यावर तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त चिडतात.

तुमची बस विमानतळावरून आली असेल तर वाटेत कापाची लागलं असणार. माफियाच्या मागे लागलेले न्यायाधीश जोवान्नी फाल्कोने यांची गाडी माफियाने २३ मे १९९२ रोजी तिथेच बॉम्बने उडवली. १९ जुलैला त्यांचे सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेल्लिनो यांना मारलं. विमानतळाला आज या दोघांचं नाव आहे. २००४ मध्ये काही तरुणांनी 'आद्दिओपिझ्झो' ही चळवळ सुरू केली. माफियाला खंडणी न देणारे दुकानदार तिचं चिन्ह दारावर लावतात. कॉफी प्यायची तर असं दार शोधून प्या. पर्यटकाच्या पैशाने एवढं तरी व्हावं.

आणि सलोखा आजही त्या शहरातून पुरता गेलेला नाही. पालेर्मोत श्रीलंकेचे तमिळ मोठ्या संख्येने राहतात. प्लेगच्या साथीत, १६२४ मध्ये, शहराला वाचवणारी म्हणून पूजली गेलेली सांता रोझालिया ही पालेर्मोची संत. मोंते पेल्लेग्रिनो डोंगरावरच्या तिच्या गुहेत तमिळ हिंदूही नवस बोलायला चढून जातात. यामागे कोणता राजा नाही.

शाकाहाराचं म्हणाल तर बाल्लारो बाजारात पानेल्ले मिळतात. पाटवडीसारखं चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून मग तळतात आणि पावात घालून देतात. वांग्याची कापोनाताही खा. आरांचीना, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, घेताना मात्र विचारून घ्या, लोण्याच्या म्हणतात त्यातही बऱ्याचदा हॅम असतं. स्फिंचोने या जाड पिझ्झात अँचोव्ही मासे असतात.

पुन्हा जाणार असाल तर राजवाड्याच्या वेळा आधी पाहून ठेवा. सिसिलीची विधानसभा त्याच वास्तूत भरते, त्यामुळे रॉजरची दालनं आठवड्यातले काही दिवस बंद असतात, आणि रविवारी सकाळी कपेलात प्रार्थना चालते.