वरून कडक, खालून चिकट
एका लेखात म्हटलंय, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातलेला लेप यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली काही सेकंदांत वाळतो, म्हणून शेती अवजारांना उत्तम. अर्धी गोष्ट राहिली राजेहो! ज्या ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने लेपातलं रेझिन (पातळ, चिकट द्रव्य) घट्ट व्हायचं, तोच प्रकाश काळा कार्बन गिळून टाकतो. मग वरचा पापुद्रा टणक, लोखंडाला लागून मात्र चिकट. नखाने खरवडलं की साल निघते. म्हणून थर पातळ ठेवावा लागतो, कार्बनही अगदी कमी.

आमच्या यवतमाळकडे वखराची पास (लोखंडी पातं) काळ्या मातीत घासून चकाकते, तिथे कोणता लेप टिकणार? थ्रेशरच्या पत्र्याला म्हणाल तर पटेल. पण ओरखडा पडला तर? नॅनोट्यूबमधून वीज वाहते, त्यामुळे उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज उलट लवकर चढू शकतो. थर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तेही लेखकांनी सांगावं.